फोल्डर वापरात आहे

सोमवार, ३ नोव्हेंबर
नोकरी सुरू झाली! वडप्याच्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटर विभाग. विभाग म्हणजे मी एकटीच. गणेशपुरीहून एसटीत खिडकी मिळाली. मॅनेजर शैलेश सरांनी चहा पाजला. झाडलोट करणाऱ्या बायडीने माझी खुर्ची पुसून दिली. गोडाऊन व्हायच्या आधी इथे तिच्या सासरचा पाडा होता, म्हणाली. काम सोपं दिसतंय. मालाचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर चालत नाही, म्हणून त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसरा भासापुरता कॉम्प्युटर चालवलाय. गोडाऊनमधल्या कॅमेऱ्यांच्या फोटोंचा फोल्डर बाहेरच्या, खऱ्या कॉम्प्युटरवर आहे; तो कमांड देऊन आतल्या मशीनला जोडायचा, बस. तासाभराचं काम.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
कसला तास! अख्खा दिवस गेला. कमांड टाइप करते, तर म्हणे फोल्डर सापडत नाही. नाव बदललं, सापडला. तर म्हणे परवानगी नाही. सर सारखे डोकावून विचारतात, झालं का. डोकं उठलं. शेवटी वैतागून आतल्या मशीनला वाचायची, लिहायची, सगळीच परवानगी देऊन टाकली. लगेच जोडला गेला.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
आता फोटोंनी छळ मांडलाय. बाहेरच्या कॉम्प्युटरवर फोटो उघडला, तर गोडाऊनच्या मधल्या रांगेत नुसती खोकी. तोच फोटो आतल्या मशीनमध्ये उघडला, तर खोकी नाहीत. चूल पेटलेली, भोवती माणसं जेवायला बसलेली, एका रिकाम्या जागी ताट वाढलेलं. फोल्डर तोडून पुन्हा जोडला, तरी तेच. सर म्हणाले, फाइल खराब असेल. बायडीला दाखवलं. ती पडद्याला हात लावून म्हणाली, "ही माझी सासू हाय, ताई. मेली ती, कवाच." मग झाडू उचलून त्याच रांगेत गेली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
बायडी काल घरी पोचलीच नाही. रांगेच्या तोंडाशी तिच्या चपला. झाडू. गेटच्या कॅमेऱ्यात ती बाहेर पडताना दिसत नाही. आतल्या मशीनमध्ये मात्र ती त्या ताटावर बसलीय. जेवतेय. शेजारी आणखी एक ताट.
फोल्डर तोडायची कमांड दिली. उत्तर आलं: फोल्डर वापरात आहे. पुन्हा दिली. वापरात आहे. अरे, पण कोण वापरतंय?

शनिवार, सकाळ
बायडीचा नवरा मंगळ्या आला. फोटो बघितला. चपला काढून रांगेत शिरला. मी ओरडत मागे धावले, पण नुसती खोकी —
फोटोत आता तोही आहे.

शनिवार, दुपार
सर म्हणतात मशीन पुसून टाक. पण ती दोघं आत आहेत! पुसलं तर त्यांचं — सर ऐकतच नाहीत. वायर उपटायला येताहेत. मी आतून कडी लावलीय. दार हलतंय. खोलीत धूर — भाताचा वास —
पडद्यावर बायडी उठली. फोटो आहे तो, हलायला नको — वळली. माझ्याकडे बघून ताई म्हणाली. आवाज पडद्यातून नाही, माझ्या मागून आ