विरंगुळा नियमानुसार केल्याचा खुलासा

प्रति,
मा. संचालक,
पाणी तपासणी प्रयोगशाळा.

विषय : परिषदेच्या वेळात होडीत बसल्याबद्दल मागवलेला खुलासा.

संदर्भ : १) आपले पत्रक 'परिषदेस जाणाऱ्यांसाठी प्रवास व विरंगुळा : चौदा उपयुक्त सूचना'
२) आपली कालची नोटीस

महोदय,

१. मी आपल्या प्रयोगशाळेत सतरा वर्षे पाण्याचे नमुने तपासते. पाणीतज्ज्ञांच्या परिषदेत उपसंचालक साहेब निबंध वाचत असताना मी सभागृहात नव्हते, याचा खुलासा तीन दिवसांत द्यावा, तो न पटल्यास मला तपासणीच्या टेबलावरून उठवून भांडारात रिकाम्या बाटल्या मोजायला बसवले जाईल, असे नोटिशीत म्हटले आहे. त्या टेबलावर माझा जीव आहे, हे आधीच सांगून टाकते.

२. सदर निबंध मी लिहिला. साहेबांनी पहिल्या पानावर स्वतःचे नाव घातले आणि शेवटच्या पानावर माझे आभार मानले. त्याबद्दल तक्रार नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. परिषदेचा अर्जही त्यांनीच भरला होता. तेथील टेबलावर मला गळ्यात घालायला जे ओळखपत्र मिळाले, त्यावर 'सोबत आलेली व्यक्ती' असे छापलेले होते. ते घालून चहा पिता येतो आणि सहलीच्या बसमध्ये चढता येते. सभागृहाच्या दारावरचा माणूस आत सोडत नाही.

३. मी साहेबांना हे दाखवले. त्यांनी आपले पत्रक काढून सूचना नऊवर बोट ठेवले : 'प्रथमच जाणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुपारी शहरदर्शन करावे, मन ताजे होते.' निबंध दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला होता. माझे मन ताजेच आहे, असे मी सांगून पाहिले. त्यावर त्यांनी मला सूचना अकरा वाचायला दिली.

४. सूचना अकरा अशी : 'विरंगुळ्याचा पुरावा म्हणून प्रत्येक स्थळी छायाचित्र काढावे. चेहरा हसरा असावा.' त्याप्रमाणे मी कारंज्यापाशी, घड्याळाच्या मनोऱ्यापाशी आणि तळ्यातल्या बदकाच्या आकाराच्या होडीत हसले. होडीत तर मला मळमळत होते, तरी हसले. ही तिन्ही छायाचित्रे मीच परत आल्यावर कार्यालयात जमा केली आणि आता तीच नोटिशीला 'कर्तव्यात कसूर करून मौजमजा केल्याचा पुरावा' म्हणून जोडलेली आहेत. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. सासूबाईंनी नोटीस दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "हस म्हणाले म्हणून हसलीस ना? मग त्यांनाच विचार, रडायचं कधी ते."

५. सभागृहात काय झाले ते मला तेथील चहावाल्या बाईंकडून कळले. साहेबांनी निबंध व्यासपीठावरच प्रथम वाचला. आपण काय वाचतो आहोत हे त्यांना चौथ्या पानावर कळले असावे, कारण तेथून त्यांचा आवाज बारीक झाला, असे बाई म्हणाल्या. निबंध आपल्या गावच्या मोठ्या टाकीविषयी आहे. वर्षभर त्या टाकीचे पाणी सोमवारी स्वच्छ आणि बाकी सहा दिवस पिण्यास अयोग्य निघाले. ऐकणाऱ्यांतल्या एक वयस्कर तज्ज्ञ बाई उठल्या आणि त्यांनी विचारले, "टाकी तीच, पंपघर तेच. मग पाणी फक्त सोमवारीच चांगलं कसं?" साहेब म्हणाले की याचे उत्तर आमच्या सहायक देतील, आणि त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला. सभागृह हसले. साहेबांचे झालेले ते हसू आता माझ्या अंगावर आले आहे.

६. बोलायचे तर सूचना दोनबद्दलही बोलते. 'सामान हलके ठेवावे' असे आपण लिहिले आहे. साहेबांनी माझ्या पिशवीतून रोजच्या नोंदींची वही काढून घरी ठेवायला लावली, ती जड होती म्हणून. ती हातात असती तर निदान त्यांना काहीतरी चाळता आले असते.

७. त्या प्रश्नाचे उत्तर परिषदेला अहवालात छापायचे आहे, म्हणून ते मी लेखी द्यावे असेही आपल्या नोटिशीत आहे. हे उत्तर मी निबंधात मुद्दाम लिहिले नव्हते. लिहिले असते तर निबंध आपल्या टेबलावरून पुढे सरकला नसता. ते मी तोंडी सांगणार होते. आता आपणच लेखी मागता आहात, तर देते.

आपली प्रयोगशाळा नमुने फक्त सोमवारी घेते. आठ वर्षांपूर्वी आपल्याच सहीने आदेश निघाला की पंपघराची गैरसोय होऊ नये म्हणून रविवारी त्यांना फोन करून कळवावे. तो फोन झाला की टाकीत औषध पडते. बाकी सहा दिवसांचे नमुने मी माझ्या स्वयंपाकघरातल्या नळाचे भरून आणत होते. तो नळ त्याच टाकीवर आहे आणि आपल्या बंगल्याचाही.

खुलासा समाधानकारक आहे की नाही ते आपण ठरवावे. भांडारात जायला सांगितलेत तर जाईन. बाटल्या तिथेही आहेत आणि त्या भरता येतात.

आपल्या चौदाही सूचना पाळणारी,

(सही)
प्रयोगशाळा सहायक
दिनांक : १४ जून, मंगळवार

सोबत : १) वर्षभराच्या नोंदींची वही २) आठ वर्षांपूर्वीच्या आदेशाची प्रत

प्रत : प्रश्न विचारणाऱ्या बाईंना, उत्तरादाखल. सकाळीच टपालात टाकली आहे.