राखेच्या ब्लॉकांची वाटणी

मी, सत्यवान दीना उजागरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्म ख्रिस्ती, धंदा सिमेंटचे ब्लॉक पाडणे, त्यापूर्वी साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी, राहणार सोनई, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर (माझ्या जुन्या कागदांवर अहमदनगर आहे, नावावरून पुढे कोणी फाटे फोडू नयेत म्हणून दोन्ही लिहिली), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला असून त्याची झेरॉक्स वकीलबाईंकडे दिली आहे, म्हणजे एक गहाळ झाला तरी दुसरा राहील. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणणारे आहेत, पण आज त्यांना घरात येऊ दिलेलं नाही.

कलम १. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी ॲड. धनश्री बाचकर, नेवासा, यांना नेमतो. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, गावातल्या नाहीत आणि गोड बोलत नाहीत. तिन्ही गोष्टी तपासून मगच नेमणूक केली आहे.

कलम २. साक्षीदार दोन. एक, भिमाजी कराळे, किराणा दुकानदार. दुसरा, माझा भाचा मार्क. ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला आणि त्याच्या बायकोला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, असा कायदा आहे. हे वकीलबाईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांना पुन्हा एकदा सांगायला लावलं. मार्कला हा कायदा ठाऊक नाही. त्याला साक्षीदार करण्याचं कारण तेवढंच आहे. पुढे कोणी मायेचा पाझर फुटून त्याला काही द्यायला निघालं, तर त्याची स्वतःचीच सही आडवी येईल.

कलम ३. राहतं घर माझी मुलगी ग्लोरिया, केडगाव, हिला द्यावं. घराच्या भिंती माझ्याच ब्लॉकांच्या आहेत. ती त्या पाडणार नाही. मुलगा स्टीफन पुण्याहून आला की भिंतीवर टकटक करून बघतो, हे मी खिडकीतून पाहिलं आहे. त्याला बँकेतली ठेव द्यावी. घरातल्या सर्व कुलपांच्या किल्ल्या कुठे आहेत ते वकीलबाईंना वेगळं सांगितलं आहे. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं नसतात, ती त्यांची श्रद्धा. माझ्या शेडला तीन कुलपं आहेत, ती माझी. माझी बायको रंगुबाई देवाघरी गेली, ती म्हणायची, "तुमी आरशाकडनं बी पावती घ्याल." घेतली असती, आरसा देत नाही.

कलम ४. वीटभट्टीवाले सूर्यभान यांना माझ्याकडून एक ब्लॉक आणि एक घण द्यावा. कारण लिहितो. कारखान्यात उसाचं चिपाड बॉयलरला जळतं आणि मागे राखेचा डोंगर उरतो. वारं सुटलं की ती राख वस्तीतल्या वाळत घातलेल्या धुण्यावर आणि ताटातल्या भाकरीवर बसायची. नोकरीभर मी ती ओढ्याकडेला ओतायला लावली. निवृत्तीनंतर तीच राख आणून, चाळून, काळी असेल ती पुन्हा भाजून, थोड्या सिमेंटच्या जागी घालून ब्लॉक पाडू लागलो. सिमेंट कमी लागतं, राख जागी लागते, ब्लॉक पक्का होतो. फक्त त्याला पाणी जास्त दिवस मारावं लागतं आणि तो ताकद उशिरा धरतो. सूर्यभान यांनी गावात उठवलं की उजागरे अमरधामातली, म्हणजे मढ्यांची, राख आणून ब्लॉकमध्ये घालतो. त्यावर एका माणसाने अर्धं बांधलेलं घर पाडलं. सूर्यभान यांनी तो ब्लॉक घणाने फोडून बघावा आणि आत कोण सापडतं ते गावाला सांगावं.

कलम ५. शेड, मिक्सर, साचे, चाळण्या आणि खालची जागा स्टीफनला द्यावी. स्टीफन ती जागा लग्नाच्या लॉन्सवाल्याला विकेल हे मला माहीत आहे. पण समोरच्या दाराने विकणारा परवडला.

मार्क हा माझी धाकटी बहीण सत्यशीला हिचा मुलगा. शेड उभी राहिली तेव्हापासून माझ्याबरोबर आहे आणि शेड त्यालाच द्यायची असं रंगुबाईने आणि मी ठरवलं होतं. यंदा होळी झाल्यावर सिमेंटच्या दुकानदाराने मला रस्त्यात गाठलं. "उजागरे, सिमेंट आता दुसरीकडनं घेता व्हय? तुमचं लई कमी झालंय." मी हसून वेळ मारून नेली. ब्लॉक तर पहिल्याइतकेच पडत होते. त्याच आठवड्यात मार्क सूर्यभान यांच्या भट्टीवर चहा पिताना दिसला. मग आमच्या राखेच्या गोण्या टेम्पोत भरून बाहेर जाताना दिसल्या. विचारलं तर म्हणाला, "काय न्हाई मामा, असंच." असंच कोणी राख फिरवायला नेत नाही.

मी काय ते समजलो. सूर्यभान यांनी त्याला फितवला होता. सिमेंट कमी घालून ब्लॉक कच्चे पाडायचे, माझं नाव मातीत घालायचं आणि मग शेड पडत्या भावात दोघांनी घ्यायची. मी मार्कच्या मिक्सरमधला माल घेऊन परीक्षेचे सहा ठोकळे पाडले. ते कोणी बदलू नयेत म्हणून ओल्या मालात प्रत्येकात रंगुबाईच्या हिरव्या बांगडीचा एक तुकडा दाबला. सातव्या दिवशी तीन ठोकळे पिशवीत घालून एसटीने नगरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेले. मशीनखाली ते बिस्किटासारखे चुरले. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, राखेचा माल आहे, उशिरा धरतो. उरलेले ठोकळे तीन महिन्यांनी आणा." हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे. पण त्या दिवशी मला वाटलं, ही बाई मार्कच्या ओळखीची असावी. उरलेले तीन ठोकळे न्हाणीघरातल्या पिंपात पाण्याखाली ठेवले आणि न्हाणीघराला कुलूप लावलं. मार्कला एक शब्द बोललो नाही. आमच्या आळीतल्या अंगणवाडीची भिंत त्याच मालाची आहे. तिच्याजवळून जाताना मी मुलांना लांबून चालायला सांगतो. मार्कने माझ्याशी असं करावं याचं मला फार वाईट वाटलं आहे. ते या कागदावर राहू द्यावं.

कलम ६. माझ्या थडग्यावरची फरशी मी माझ्या प्रमाणाने पाडून शेडच्या मागे उभी ठेवली आहे. मागच्या बाजूला खूण आहे. स्टीफन ग्रॅनाइट आणेल, तर ते परत पाठवावं.

कलम ७. इथवर लिहून झालं आणि वकीलबाई आल्या. उरलेले तीन ठोकळे मी परवा त्यांच्याच हाती प्रयोगशाळेत पाठवले होते. त्यांना म्हटलं, आकडे सांगू नका, काय पाहिलं ते सांगा. त्या म्हणाल्या, "काका, मशीनचा काटा पुढं पुढं जात राहिला. ठोकळा काही फुटेना. मला वाटलं, मशीनच बंद पडलं." मी मशीन कधी तपासलं होतं ते विचारलं. त्यांनी फुटलेल्या ठोकळ्यांची पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी चष्मा लावून सगळे तुकडे पाहिले. तिन्हींत हिरवी काच होती. माझ्या प्रमाणाच्या ब्लॉकपेक्षा हा माल पक्का निघाला होता.

तेवढ्यात मार्क सहीसाठी आला. हातपाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून. कोपरापर्यंत तरी राख होतीच. मी त्याला भिमाजींच्या आणि वकीलबाईंच्या देखत विचारलं, सिमेंट कमी का केलंस?

त्याने एक तुकडा उचलून अंगठ्याने घासून पाहिला. मग म्हणाला, "राख वाढवली, मामा. पन पिठासारखी दळून. जाड राख कामाची न्हाई, बारीक केली की लई धरती."

"दळतोस कुठे?"

"आईच्या अंगनात. सूर्यभानची जुनी कोळसा दळायची गिरनी घेतली. त्यासाठीच त्याच्याकडं चकरा हुत्या. त्याची गिरनी तुमी शेडमधी येऊ दिली असती व्हय?"

नसती दिली. भिमाजी खाली बघून हसले, ते मी पाहिलं.

"सांगायचं हुतं," मार्क म्हणाला. "तुमी आदी तीन महिनं माझ्यावरच पाळत ठेवली असती." मग टेबलाशी बसला. "सही कुठं करू?"

मी जागा दाखवली. त्याने पेन टेकवलं आणि एक अक्षर काढलं. तेव्हा मला कलम दोन आठवलं आणि मी त्याच्या हातातून पेन हिसकावून घेतलं. म्हटलं, तू नको, बाहेर जा.

त्याचं तोंड उतरलं. "सहीपुरता बी भरवसा न्हाई का, मामा?" असं म्हणून तो गेला. चप्पल घालतानाही त्याने मागे पाहिलं नाही. मी त्याला थांबवलं नाही. खरं कारण आज सांगितलं तर संध्याकाळपर्यंत स्टीफनला कळेल, आणि मग हे मृत्युपत्र माझ्या उशाखालीही सुरक्षित राहणार नाही.

कलम ८. कलम ५ मधली वाटणी रद्द. शेड, मिक्सर, साचे, चाळण्या आणि खालची जागा माझा भाचा मार्क आणि त्याची बायको स्टेला यांना द्यावी. कलम २ मधून साक्षीदार म्हणून मार्कचं नाव कमी केलं आहे, कारण तो साक्षीदार राहिला तर हे कलम निकामी होईल. वकीलबाई सगळं नव्याने लिहा म्हणाल्या. मी नकार दिला. नवा कागद केला की जुना कोणाच्या तरी खिशात जातो.

कलम ९. कलम ६ मधली फरशी वापरू नये. मार्कच्या प्रमाणाने नवी पाडावी आणि तीन महिने पाण्यात ठेवावी. तोपर्यंत थडगं उघडं राहिलं तरी चालेल. सूर्यभान यांची गिरणी शेडमध्ये आणून बसवायला माझी हरकत नाही. मी जिवंत असेपर्यंत आहे.

कलम १०. हे मृत्युपत्र मिक्सर बंद करून मार्कला शेडमध्ये वाचून दाखवावं. सगळं वाचावं, कलम ५ सुद्धा. आज मी पेन का हिसकावलं ते त्याला तेव्हा कळेल. तोवर तो माझ्याशी बोलणार नाही असं दिसतं.

ठिकाण: सोनई. दिनांक: १२ जुलै २०२५.

सही: सत्यवान दीना उजागरे

आम्ही दोघांनी सत्यवान उजागरे यांना सही करताना पाहिलं आणि त्यांच्यादेखत आम्ही सह्या केल्या.

साक्षीदार १: भिमाजी कराळे, सोनई

साक्षीदार २: वाल्मिक निमसे, सोनई (यांना आयत्या वेळी बोलावलं. भिमाजींशी त्यांचं बांधावरून बोलणं बंद आहे, म्हणून संगनमताची भीती नाही. पेन एकाकडून दुसऱ्याकडे मी पोचवलं.)

टीप: साक्षीदार २ च्या जागी वर जे एक अक्षर दिसतं, ते मार्कच्या हातचं आहे. ती सही समजू नये. वकीलबाई ते खोडा म्हणाल्या. मी राहू दिलं आहे.