पणजोबांच्या वर्तमानपत्राचे खरे साल

मी रूला जिर्जी दुमानी, वय एकोणतीस, राहणार अश्रफिये, बैरूत, आधी माझी चूक दुरुस्त करते. जानेवारीतल्या मृत्युपत्रात आणि त्याआधी छापलेल्या लेखात मी लिहिले होते की, पणजोबांनी आपल्या वर्तमानपत्राचा पहिला अंक १९०६ साली सरकारी तपासनिसाला न दाखवता छापला. हे खोटे आहे. अंकावर महिना आणि साल ‘तिशरीन अव्वल १३२४’ असे आहे. ते साल मी हिजरी धरले. हिजरी महिने चंद्राचे, तिशरीन सूर्याचा. म्हणजे साल उस्मानी सरकारी पंचांगाचे, ऑक्टोबर १९०८. तेव्हा वर्तमानपत्रांवरची सरकारी तपासणी उठलेली होती. पणजोबांनी धाडस केले नाही, वाट पाहिली.

ते मृत्युपत्र रद्द समजावे. माझे चित्त ठिकाणावर आहे. हृदयाची झडप तेवढी ठिकाणावर नाही. तिची शस्त्रक्रिया गुरुवारी, १४ मार्चला आहे.

एक. वर्तमानपत्राचे अकरा बांधीव खंड बाबांनी माझ्या नावे केले. ते मिलहेमकाकांच्या तळघरात आहेत. दुसरा संच कुठेही नाही. काका ते उसवून, एकेक पान चौकटीत घालून, खाली माझा लेख चिकटवून विकणार आहेत. गिऱ्हाईक बुधवारी येते आहे. खरे साल सांगितले तेव्हा काका हसले.

“अगं, दोन वर्षांनी कोणाचं काय जळतंय? गिऱ्हाईक पंचांग घेऊन येणारे का?”

“काका, ते खोटं आहे.”

“लिहिलंस तूच ना, शहाणे? आता मरणाच्या भीतीनं पुण्य आठवलं!”

भीती आहेच. तरी खंड अभिलेखागाराला द्यावेत, एकही पान न उसवता.

दोन. बाबांचे छपाईचे शिशाचे खिळे, ते जुळवणाऱ्या आर्तिन जुळाऱ्यांना. शाळेआधी मी त्यांवरच अक्षरे शिकले. एक खिळा चुकला तर बाबा अख्खी ओळ सोडवून पुन्हा जुळवायला लावत.

तीन. घरातला माझा हिस्सा आणि बचत आईला.

चार. मिलहेमकाकांना माझ्या लेखाची प्रत, चुकांवर लाल शाईने खुणा केलेली. शोकाला आले तर रिवाजाप्रमाणे सगळ्यांना देतात ती कडू कॉफी द्यावी, खुर्ची देऊ नये. आई म्हणते, “दीर आहे गं माझा, तोंड कसं फिरवू?” आई, फिरव.

साक्षीदार: सामिया खलाफ, अभिलेखागार, नखले अबू जौदे, कुलूपवाले.

सही: रूला दुमानी
बैरूत, शनिवार, ९ मार्च २०१९

कलम एक मी माझ्या मृत्यूवर सोडलेले नाही. नखले यांच्याकडून तळघर उघडवून खंड मी स्वतः नेणार आहे: मंगळवार, १२ मार्च, सकाळी नऊ.