पाण्यावर तरंगणारी पूड

सोमवार, ३ जून
संकल्प दोन. पहिला: शुक्रवारी लॅबप्रमुख मॅडमसमोर आपलं औषध पाण्यात विरघळवून दाखवायचं. ते पोटात विरघळलंच नाही तर रोग्याने गोळी गिळली काय नि खडा गिळला काय! नाही जमलं तर काम गाळणीच्या गटाकडे जाणार. गाळणी म्हणजे माझी सहकारी. समोरच्याचं प्रत्येक वाक्य शंकेतून गाळून घेते.
दुसरा: घरी रात्रीची भांडी मी धुणार. बायकोने दोनदा विचारलं, नक्की ना? इतकी वर्षं संसार केला, पण माणसाची पारख नाही.

मंगळवार, ४ जून
औषधाची पूड पाण्यावर तरंगते. ती विरघळावी म्हणून तिच्यात मिसळायचा पॉलिमर बदलला. तरी तरंगते. हट्टीपणात अगदी आमच्या हिच्यावर गेलीय.
हिची तक्रार: दुधाला साबणाचा वास येतो, पेले नीट विसळत जा. दूध कुठलं आणतेस, ते बघ म्हटलं.

बुधवार, ५ जून. सकाळी
लॅबमधले बीकरही आजपासून मीच धुणार. दुसऱ्यावर विसंबल्यानेच प्रयोग फसतात. भरपूर साबण लावला.

संध्याकाळी
विरघळली! पाणी नितळ. वर जरासा फेस आहे. पुडीच्या अंगात जोम आला असावा.
तुलनेसाठी शेजारच्या बीकरमध्ये बिनपॉलिमरची पूड टाकली होती. तीही विरघळली. संगतीचा परिणाम.
गाळणी म्हणाली, अरे, साधी पूड विरघळतेय म्हणजे काहीतरी घोळ आहे. तिला म्हटलं, जळू नकोस. मॅडमना मेल टाकला. विषय: यश.

गुरुवार, ६ जून
दिवसभर भाषणाची तालीम. हिला म्हटलं, आता घरातला ताण संपला. ही म्हणाली, ताण होता? मला वाटलं, तू नेहमीसारखाच आहेस.
भाषणामुळे भांडी राहिली.

शुक्रवार, ७ जून. दुपारी
मॅडमनी खोक्यातून कोरा बीकर काढला. माझा रोजचा बीकर घ्या म्हटलं, ऐकलं नाही. पूड टाकली. तरंगली. ढवळली. गोल गोल तरंगली.
गाळणीने माझा बीकर घेतला, त्यात नुसतं पाणी घालून हलवलं. फेस! धुतला कुणी, म्हणून विचारलं. मी म्हटलं, साबणाच्या पाण्यात विरघळतं, हेही संशोधनच. मॅडम म्हणाल्या, मग प्रत्येक गोळीबरोबर साबणाची वडी देणार आहात का?
काम गाळणीकडे गेलं. सोमवारपासून मदतीला ये म्हणाली. माझ्याशिवाय तिचं अडणार, हे उघड आहे.

घरी
आल्या आल्या बाह्या सरसावल्या. पेले धुतले. विसळले, पुन्हा विसळले. हिने त्यातला एक उचलला, पाणी घालून हलवला, उजेडाशी धरला. मग हुंगला.
पेला खाली ठेवला आणि जवळ येऊन हळूच विचारलं, ऑफिसात काय झालं रे?