हसू आलं की

३ फेब्रुवारी
आज ढब्बू माझ्या हातून पडली!

स्वयंपाकघरात कडेवर होती. माझी आठ महिन्यांची लेक, गुबगुबीत गोळाच नुसता. शिंकली आणि स्वतःच्याच शिंकेला दचकली. इतकं हसू आलं मला — आणि गुडघे गेले. हात गेले. मी फरशीवर, ती माझ्या अंगावरून घरंगळून कपाटावर आपटली. माझी शुद्ध गेली नव्हती! हेच कुणाला पटत नाही. तिचं रडणं ऐकत होते, कपाळावरचं टेंगूळ बघत होते, आणि बोट हलत नव्हतं. सासूबाई धावत आल्या, तिला उचललं. माझ्याकडे नुसतं बघितलं.

थोड्या वेळाने मी उठले. धडधाकट. जसं काही झालंच नाही.

४ फेब्रुवारी
ढब्बू खेळतेय. मला जेवण जात नाही.

७ फेब्रुवारी
मी कामाला आहे त्या चष्म्याच्या दुकानातही तेच. एक आजोबा आरसा उलटा धरून म्हणाले, "फ्रेम झकास, पण मी कुठे गेलो?" मी हसले — आणि फ्रेमच्या ट्रेसकट काउंटरमागे आडवी. दिवसा डोळाही लागतो, गिऱ्हाइकाच्या कानामागची काडी वाकवता वाकवता! मालक म्हणाले, "बाई, थोडे दिवस घरी आराम करा." म्हणजे काय ते कळलं.

१० फेब्रुवारी
कोपऱ्यावरचे डॉक्टर — "बाळंतपणानंतर होतं असं. मन रमवा."
नणंद फोनवर — "कामाचं नाव काढलं की झोप येते का गं वहिनी?"
चांगलं सुनवणार होते. पण राग आला आणि जबडाच लुळा पडला. धड भांडताही येत नाही मला!

२१ फेब्रुवारी
नवरा आणि मी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. झोपेच्या तपासण्यांचे निकाल आले होते. त्यांनी विचारलं, "मध्यंतरी मोठा ताप आला होता?" आला होता. ढब्बू तीन महिन्यांची असताना, फ्लूचा.

त्या म्हणाल्या, तापाशी लढताना शरीराची फौज बहुतेक चुकून घरच्यांवरच तुटून पडली. मेंदूत खोलवर मूठभर पेशी असतात, आपल्याला जागं ठेवणाऱ्या. त्या मारल्या गेल्या. स्वप्नं पडताना आपण हातपाय झाडू नयेत म्हणून मेंदू अंगाला कुलूप लावतो. माझं कुलूप जागेपणीच लागतं. हसू आलं की.

"त्या पेशी परत येतील?"
"नाही."
"मग?"
"गोळ्यांनी कमी होईल. पूर्ण थांबेल असं सांगत नाही."

वेड नाही, नाटक नाही, हे ऐकून रडावंसं वाटलं. पण हा बाहेर येऊन जिन्यातच बसला. हा लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणाला, "पार्ट गेला तर मी बदलतो गं. याचं काय करू?"

२६ फेब्रुवारी
याच्या विनोदांवर भाळून मी लग्न केलं. आता घरात एक विनोद नाही. हा मोजूनमापून बोलतो. टीव्ही बंद. ढब्बूला माझ्याकडे कुणी देत नाही. मागायचं तरी कुठल्या तोंडाने?

५ मार्च
युक्ती सापडली! हसू येतंय असं वाटलं की बाबांचा शेवटचा चेहरा आठवायचा. नाकात कापूस घातलेला. लगेच हसू मरतं. आज ढब्बूने वाटी डोक्यावर घातली — मी उभी राहिले! खांबासारखी.

१३ मार्च
पडत नाही हल्ली. गोळ्या आणि बाबा. हा खूश — "बघ, जमतंय की!"
जमतंय. आत काहीच हलत नाही.

१७ मार्च
सासूबाई ढब्बूला भरवत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तुझ्याकडे बघून ती हसत नाही हल्ली. लक्षात आलंय का?"

आलंय. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघते, वाट बघते, आणि मग सासूबाईंच्या पदरात तोंड खुपसते. मी म्हटलं, "मग काय करू, आई? पुन्हा पाडू तिला?"

१९ मार्च
हा म्हणाला, "ढब्बू तुला बुजायला लागलीय गं. थोडे दिवस माहेरी जा. ढब्बू इथे राहू दे, आई आहे." मी "बरं" म्हटलं. आवाजही चढला नाही माझा. बॅग भरली. तिचं एक झबलं साड्यांखाली ठेवलं, वास राहील म्हणून. मग काढून परत घडी घालून ठेवलं. त्या झबल्याची गरज तिला आहे. माझी कुणाला आहे?

२० मार्च
गेले नाही.

सकाळी सासूबाईंनी हॉलमधल्या खुर्च्या गॅलरीत काढल्या आणि घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या गाद्या खाली अंथरल्या. मला मधोमध बसवलं. ढब्बूला समोर सोडलं. "हास," म्हणाल्या. "पडलीस तर पडलीस. मी आहे."

बाबांना नाही आठवलं. हसले. पडले. ढब्बू रांगत आली, माझ्या छातीवर चढली, माझ्या लुळ्या ओठांत बोट घालून खिदळायला लागली.

थोड्या वेळाने हातपाय परत आले. उठले मात्र नाही.