एक तास बसून दाखव

३ जून, मंगळवार

धाकटी बहीण टिल्ली बारावी पास! तेही फर्स्ट क्लास! बाबांनी तिच्या हातातून फोन ओढून घेतला — "ऐकलंस का, आपल्या घरातली पहिली!" मग आई रडली. मग मागे शिलाई मशीन सुरू झालं, म्हणजे रडणं संपलं.

महिनाअखेरपर्यंत कॉलेजला कळवायचंय, कुठला विषय घेणार ते. बाबा म्हणाले, "दादा सांगेल ते." फोनवर ते मला दादाच म्हणतात, पोटच्या पोराला!

मी म्हटलं, त्यात विचारायचं काय? कॉम्प्युटर. प्रोग्रॅमिंग. ठरलं.

टिल्ली म्हणाली, "बघू." ती 'बघू' म्हणते तेव्हा काहीतरी शिजत असतं.

४ जून

गोदामात आज पायांचे तुकडे पडले. कानातली आत्याबाई दम खाऊ देत नाही. हे नाव लांबूने ठेवलंय. हेडफोनमधून बाईचा आवाज येतो — अमक्या रॅकवर जा, वरचा कप्पा, दोन खोकी, पुढे चला. बाई नाहीच ती, मशीन बोलतं. लांबू माझा खोलीतला जोडीदार, त्याच्या उंचीमुळे वरचे कप्पे कायम त्याच्या वाट्याला. तो तिला उलट उत्तरं देतो. "येतो गं आत्या, जरा श्वास घेऊ दे!"

चालता चालता मनात आलं, ही आत्याबाई कुणीतरी लिहिली असणार. खुर्चीत बसून, चहा पीत. त्या खुर्चीत टिल्ली बसली पाहिजे. हुकूम ऐकायला घरातून एक मी आहे, पुरे झालं.

८ जून, रविवार

भांडण.

"दादा, मला कॉम्प्युटर आवडतो. प्रोग्रॅमिंग नाही आवडत."

"म्हणजे पोहायचंय, पण भिजायचं नाही?"

"तुला जेवायला आवडतं ना? मग कुठे स्वयंपाक करतोस?"

लांबू पलंगावर लोळत होता, तो फिसकन हसला. घरभेदी!

सुट्टीत तिने क्लास केला होता. म्हणते, "ते आकडे, कंस बघितले की पळून जावंसं वाटतं. एक टिंब चुकलं की सगळं बंद. मला नाही जमत असं जगायला." तिला डिझाइन हवंय. म्हणजे स्क्रीनवर कुठलं बटण कुठे असावं, माणसाची नजर आधी कुठे जाते, असलं काहीतरी. मी म्हटलं, चित्रं काढायला कॉलेज कशाला? ती म्हणाली, "आईच्या फोनवर नावांच्या जागी फोटो कुणी लावले? त्याआधी आई तुला स्वतःहून फोन करायची का कधी?"

नव्हती करत. पण तसं कबूल कोण करणार! "उगाच विषय बदलू नकोस" म्हणालो. तिने फोन ठेवला. माझ्या तोंडावर! ठेवला!

९ जून

दिवसभर चिडचिड. ट्रॉली दोनदा रॅकला धडकली.

१२ जून, गुरुवार

आज शिव्या खाल्ल्या. मनगटावर जे मशीन बांधतात, त्याच्यावर 'पुढे' आणि 'रद्द' शेजारी-शेजारी. हातमोजा जाड. दाबायला गेलो पुढे, झालं रद्द. भरलेली अख्खी ट्रॉली रिकामी करून परत भरा! सुपरवायझर म्हणाला, "डोळे घरी ठेवून येता का?"

जेवणाच्या सुट्टीत टिल्लीला फोन करून भडास काढली. भांडण चालू आहे हेच विसरलो. वाटलं होतं, "अरेरे दादा" म्हणेल. तर पोरीने वकिलासारखी उलटतपासणी सुरू केली. अंगठ्याने दाबतोस की बोटाने? चालताना की थांबून? हातमोजा ओला असतो का? दुसऱ्या हातात काय असतं? आणि "व्हिडिओ काढून पाठव. तोंड नको, हात दाखव."

इथे माणूस वैतागलाय, आणि हिला हात बघायचाय!

पाठवला.

१४ जून, शनिवार

टिल्लीने कागदावर मशीन काढून पाठवलं. खरं आहे तेवढ्याच मापाचं. 'पुढे' खाली, रुंद, अंगठा पडेल तिथे. 'रद्द' पार वरच्या कोपऱ्यात, आणि ते नुसतं दाबून चालत नाही, दाबून धरायचं. बाजूला लिहिलंय — "चूक करायला थोडे कष्ट पडले पाहिजेत."

लांबूने त्याची छापील प्रत काढून मनगटाला चिकटपट्टीने बांधली. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने हातमोजे घालून कागद दाबून पाहिला. मोठी माणसं, ओळीने उभी राहून कागद दाबतायत! हसून हसून पोट दुखलं. पण चुकून 'रद्द'वर बोट एकाचंही गेलं नाही.

सुपरवायझर आला. "हे कुठल्या कंपनीचं?"

लांबू म्हणतो, "ह्याच्या बहिणीच्या कंपनीचं. मालकीण अजून फ्रॉक घालते."

लांबूला एक ठेवून दिली. पण छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.

१५ जून, रविवार

तरी मी हट्ट सोडला नाही. म्हटलं, छान आहे, फावल्या वेळात कर. शिकायचं ते प्रोग्रॅमिंगच. थोडी मेहनत केली की येतं सगळं.

ती थंडपणे म्हणाली, "मग तू कर."

"मी? नववीत शाळा सोडलेला?"

"माझ्या क्लासचे व्हिडिओ पाठवते. मराठीत आहेत. एक तास बसून दाखव, दादा. एकच तास! बसलास तर तू म्हणशील ते घेईन."

नेम धरून मारलं कार्टीने. तिला माहीत आहे, मला बसता येत नाही. शाळेत सर म्हणायचे, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. मागे उभं करायचे, तर उलट मला बरं वाटायचं. सिनेमालाही अर्ध्यात उठतो. म्हणून तर चालण्याची नोकरी धरली.

पण पैज म्हणजे पैज. लांबूचा जुना लॅपटॉप घेऊन दुपारी बसलो. सुरुवातीला पाणी प्यायला उठलो. खिडकी लावायला उठलो. खिडकी उघडायला उठलो. मग इंग्रजी अक्षरं शोधत, एकेक दाबत दोन आकड्यांची बेरीज करून घेतली. आली! मग तीन आकड्यांची केली. मग म्हटलं, आकड्यांच्या जागी आपल्या रॅकचे नंबर टाकले तर—

लांबू खांदा हलवत होता. "अरे, बाजारात जायचं होतं ना? किती हाका मारल्या!" चहा शेजारी गार. त्यावर साय.

बाहेर उजेड राहिला नव्हता.

१६ जून

टिल्लीला फोन केला नाही. पैज जिंकलोय. सांगायला हवं. का सांगत नाहीये?

१९ जून, गुरुवार

रॅकचे नंबर ओळीने लावायचे होते, लहानापासून मोठ्यापर्यंत. मशीन लावतं १०, २, ३१, ९. दहा आधी, मग दोन! गाढव आहे का हे? आज कामावरही तेच डोक्यात. आत्याबाई काय बोलली, दोनदा ऐकूच आलं नाही. सुपरवायझर म्हणाला, "तब्येत बरी नाही का?"

बरी आहे. दहा आधी कसे?

२२ जून, रविवार

सापडलं! सकाळपासून बसलो होतो. ते आकडा म्हणून बघतच नव्हतं! अक्षरं म्हणून बघत होतं. शब्दकोशात लावतात तसं आधी पहिलं अक्षर बघायचं — एक आधी, दोन नंतर — म्हणून दहा पुढे. गाढव ते नव्हतं, त्याला सांगणारा होता. हे आकडे आहेत बाबा, असं एकदा सांगितलं, की सुतासारखं सरळ!

ओरडलोच. शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली.

लगेच टिल्लीला व्हिडिओ कॉल. स्क्रीन दाखवली, अक्षरं, आकडे, कुठे चुकलं, कसं धरलं, सगळं भडाभडा बोललो. ती स्क्रीनकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"दादा, मला हे बघून डोकं उठतं. आणि तू हसतोयस."

"मग?"

"काही नाही. किती वेळ बसला होतास?"

सांगितलं. तिने बोटांवर तास मोजले. मग म्हणाली, "पैज जिंकलास तू. सांग, काय घेऊ?"

म्हटलं, दोन दिवस थांब.

२४ जून

सुट्टी झाल्यावर उगाच हिंडलो. बसस्टॉप आला, पुढे गेलो. पुढचा आला, तोही सोडला. ती खुर्ची टिल्लीसाठी म्हणत होतो ना मी? डोळ्यांसमोर आणली की तीत बसलेल्या माणसाच्या पायात माझे बूट दिसतात.

तिच्या गळ्यात काय बांधत होतो मी!

२७ जून, शुक्रवार

बाबांना सांगितलं, डिझाइन.

"म्हणजे कॉम्प्युटर नाही?"

"कॉम्प्युटरच, बाबा. माणूस बसतो त्या बाजूचा."

"तू म्हणतोस तर..." त्यांना काही कळलं नाही, पण आवाज मोकळा झाला. आईने मागून विचारलं, "पोरगी खूश आहे ना? मग झालं तर!"

टिल्लीने फोन घेतला. वाटलं, नाचेल. हळूच म्हणाली, "आणि ती तुझी खुर्ची? तिच्यात कोण बसणार?"

"बसेल कुणीतरी."

"दादा..."

"फोन ठेव. बिल वाढतंय." बिल कसलं, फुकट असतो कॉल!

३० जून, सोमवार

टिल्लीला ॲडमिशन मिळाली.

मी अर्धी सुट्टी टाकून बसस्टॉपमागच्या संध्याकाळच्या शाळेत गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "कुणाचं नाव घालायचंय? धाकट्या भावाचं?"

म्हटलं, "माझं. नववीपासून."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वर्ग आत्ताच सुरू झालाय. आजपासूनच बसणार?"

बसलो. मागे जागा होती. पुढे बसलो.