जिन्याच्या जाळीची पाठ

नवीन पनवेल
४ जानेवारी २०२६

चि. किशोरी हिस,
ठमाआत्याचे अ. उ. आ. वि. वि.

काशिरामचा गुडघा कसा आहे? तेल लावतो की नुसती बाटली उघडून वास घेतो? वहिनींचं पित्त कमी झालं का? सकाळचा दुसरा चहा सोडायला सांगितला होता, सोडला नसणार. हृतिकच्या हाताचं प्लॅस्टर निघालं असेल तर त्याला पुन्हा गेटवर चढू देऊ नका. आणि तुझे डोळे? मोबाइलच्या उजेडात सुई ओवताना मी तुला दिवाळीत पाहिलंय.

मी बरी आहे. फोन का करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू नुसतं हो हो करतेस आणि माझं निम्मं सांगायचं राहतं. कागदावर मध्ये कुणी बोलत नाही.

दुकान चालू आहे. करंजाड्याची एक बाई आली होती. तिला तिच्या टॉवरच्या गॅलऱ्या उतरत येतात तशी झालर बाहीला हवी होती, ती दिली. आपल्या सेक्टरातली दुसरी म्हणाली की समोरच्या सोसायटीच्या ग्रिलची नक्षी माझ्या ब्लाउजवर चुकूनही घालू नकोस, पार्किंगवरून आमचं बोलणं बंद आहे. मी तिला सांगितलं की बाई गं, दोन्ही ग्रिलं एकाच वेल्डरने केली आहेत. तर आणखीच चिडली.

लोकांना वाटतं मी नक्षी पुस्तकातून काढते. मी आपली भाजीला जाता-येता मान वर करून चालते. स्टेशनच्या पुलाचे लोखंडी त्रिकोण मी बाहीच्या काठाला बसवले, विचुंब्याच्या एका नव्या इमारतीची खिडकी गळ्याला. तू माझ्या नक्ष्यांच्या वहीचे फोटो काढून नेलेस. कॉलेजात शहरावरून कपडा करायचा आहे म्हणाली होतीस, त्याचं काय झालं ते कळव.

सगळ्यांना माझी आठवण सांग. हृतिकला पापा.
तुझी,
ठमाआत्या

·

पुणे
११ जानेवारी २०२६

ती. ठमाआत्यास,
किशोरीचा शि. सा. न. वि. वि.

बाबांचा गुडघा बरा आहे, पण तुझं वाक्य मोठ्याने वाचल्यापासून ते तेलाची बाटली लपवतात. आईने दुसरा चहा सोडला, आता पहिलाच मोठ्या कपात घेते. हृतिकचं प्लॅस्टर निघालं. माझे डोळे ठीक.

आत्या, माझा ड्रेस वार्षिक शोसाठी निवडला गेला! एकवीस फेब्रुवारीला आहे. सत्तर मुलांतून नऊ जण. विषय होता, आपलं शहर अंगावर. मी राखाडी कॉटनचा लांब ड्रेस केला आणि पाठीवर पनवेलच्या जिन्यांची सिमेंटची जाळी घेतली, पाच ओळी, ओळीत चार चौकोन. तुझ्या वहीत होती तश्शीच, उजवीकडचा वरून दुसरा चौकोन बंद ठेवून. परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, हा एकच बंद का? मी सांगितलं की शहरात प्रत्येक इमारतीत एक खिडकी कायम बंद असते आणि तिच्यामागे कोण राहतं ते शेजाऱ्यालाही माहीत नसतं. एक परीक्षक तर उठून उभे राहिले गं. कॉलेजने त्यांच्या पेजवर फोटो टाकलाय, खाली लिहिलंय, पनवेलच्या मुलीची नजर.

तुझ्या वहीचा खूप उपयोग झाला. शोला तू यायचंस, मी खुर्ची राखून ठेवते.

आशीर्वाद असू दे.
तुझी,
किशोरी

·

नवीन पनवेल
१९ जानेवारी २०२६

चि. किशोरी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. निवड झाल्याचा आनंद झाला, खोटं का बोलू. शेजारच्या झुबेदाला लगेच सांगितलं, तिने माशाल्ला म्हणत शिरखुर्मा पाठवला.

आता जरा शांतपणे वाच.

मासळीबाजारातली जनी तुला माहीत आहे, तुझ्या लहानपणी तुला कोळंबी सोलून भरवायची ती. तिच्या सुनेने, कोमलने, तुझा तो फोटो मोबाइलवर बघितला आणि घरात सगळ्यांसमोर जनीला दाखवला. म्हणाली की आई, ही तर तुमच्या हळदीच्या ब्लाउजची पाठ, बंद चौकोनसुद्धा तोच. मग फोटोखाली टाकलेलं तुझं खिडकीचं स्पष्टीकरण तिने वाचून दाखवलं आणि विचारलं की तुमचा कशाला बंद हाय?

ती खिडकी नव्हती, बाळा. जनी सहा वर्षांची असताना उकळतं पाणी तिच्या उजव्या खांद्यामागे सांडलं होतं. बशीएवढा डाग आहे. तिच्या सुनेलाही माहीत नाही. मुलाच्या हळदीला बाकीच्या बायांसारखी जाळीची पाठ घालायची तिला हौस होती, पन्नाशीत प्रथमच. मी जिन्याची जाळी घेतली आणि डागावर येईल तो चौकोन बंद केला. वहीत तिचं नाव नाही, नुसती पाठ आहे. तुला वाटलं ती नक्षी आहे. ते तिचं माप होतं.

जनी दुकानात आली ती उभ्याउभ्याच बोलली. तू बोललीस नाय ना पोरीला, एवढंच दोनदा विचारलं. मी नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि नातीच्या बारशासाठी टाकलेलं कापड मागितलं. मी दिलं. पस्तीस वर्षांत न शिवलेलं कापड कुणी माझ्याकडून परत नेलं नव्हतं.

तुझ्यावर सगळा दोष घालत नाही. वही मीच उघडी ठेवली. शिवणाऱ्या बाईला दहा जणींच्या अंगाचं ठाऊक असतं, कुणाचा खांदा उतरलेला, कुणाचं एक अंग भरलेलं. ते तिने कपड्यात मिसळून टाकायचं आणि विसरायचं. हे मी तुला शिकवायला हवं होतं, काजं करायला शिकवत बसले.

मात्र एक विचारते. फोटोखाली तुझी नजर लिहिलंय. ते वाचून तुला कसं वाटलं? काय करायचं ते तू ठरव, मी सांगणार नाही. जनीचं कारण मात्र तिथे कुणाला कळता कामा नये.

प्रकृतीला जप. राग धरलेला नाही.
तुझी,
ठमाआत्या

·

पुणे
३१ जानेवारी २०२६

ती. ठमाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

चार वेळा पत्र लिहायला बसले आणि चारही फाडली. म्हणून उशीर.

कॉलेजातल्या पाटणकर मॅडमना भेटून सांगितलं की ती पाठ माझी नाही, माझ्या आत्याने एका गिऱ्हाइकासाठी केलेली आहे आणि खिडकीचं मी ऐनवेळी मनानेच जुळवलं. मॅडमनी विचारलं की मग तो चौकोन बंद का? मी म्हटलं, ते त्या बाईंचं खासगी आहे. मॅडम म्हणाल्या की इतके दिवस गप्प राहिलीस त्याचं काय? फोटो त्याच दिवशी काढला. शोमधून माझं नाव गेलं, माझ्या जागी वर्गातला कल्पेश आला. सात तारखेपर्यंत नवीन कपडा दिला नाही तर या विषयात नापास, म्हणजे वर्ष गेलं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हृतिक म्हणाला की खोटं टिकलं असतं की ताई. त्याला आईने धपाटा घातला.

आता नवीन काय करू? पनवेलच्या जाळ्या, ग्रिलं माझ्या डोळ्यांनी मी कधी बघितलीच नाहीत गं, तुझ्या वहीतून बघितली. सहा वर्षांची असताना आम्ही पनवेल सोडलं. म्हणून परवा पुण्यातल्या आमच्याच बिल्डिंगसमोर कठड्यावर बसले. रंगकामासाठी चार महिने परांची बांधलेली आहे, बांबू, सुतळी आणि वरून हिरवी जाळी. आम्ही सगळे तिला शिव्या देतो, कपडे वाळत नाहीत म्हणून. तासभर बघितल्यावर लक्षात आलं की इतक्या बांबूंना एकही खिळा नाही, नुसत्या गाठी. त्यावरून काहीतरी करतेय. जमलं तर कुरिअरने तुझ्याकडे पाठवेन. कौतुक करू नकोस, तपास.

सोबत जनीमावशीसाठी वेगळी चिठ्ठी आहे. तिला वाचून दाखवशील का?

क्षमा असावी.
किशोरी

·

नवीन पनवेल
१६ फेब्रुवारी २०२६

चि. किशोरी हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पास झालीस हे काशिरामने फोनवर सांगितलं. आवाज मोठा होता, म्हणजे बोलायला लागला.

जनीला चिठ्ठी वाचून दाखवली. बाजार उठल्यावर मीच गेले तिच्याकडे, कोमल घरी नाही हे बघून. ऐकून घेतलं. म्हणाली की पोर लय शिकली, पण खिडकी काय आन् पाठ काय, एवढंबी समाजलं नाय. हसली नाही. कापड अजून आणलेलं नाही, आणेल असंही म्हणत नाही. मी विचारलंही नाही. निघताना कोळंबीचे दोन वाटे माझ्या पिशवीत टाकले, एवढंच.

कपडा मिळाला. तपासायला सांगितलंस म्हणून तपासला. हिरव्या जाळीच्या जॅकेटला बटणं न लावता गाठी मारल्यास, ते मला सुचलं नसतं. झुबेदाने अंगात घातलं आणि आरशासमोरून हलेना, म्हणे क्या बात हय, आता माझ्या बिल्डिंगीला पण रंग काढा. पण मुंढा काखेत तंग आहे. तिला वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. परांचीवर माणसं दिवसभर हात वर करून काम करतात, तुझ्या जॅकेटात हात वर जात नाही. पाऊण इंच सैल कर. आतली टीप दोन ठिकाणी सुटली आहे, तिथे मी खडूने खूण केली आहे, शिवलेलं नाही. ते तू शीव.

आणि असंच एक मला हवंय. झालर नको, अस्तर घाल, रंग तू ठरव. छाती चाळीस, खांदा साडेचौदा, उंची गुडघ्याच्या चार बोटं वर. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे आणि मानेखाली थोडं पोक आलं आहे, मशिनीने दिलेलं. आजवर माझं माप मीच घेतलं, मीच कापलं. पाठीचं नीट घेता येत नाही, म्हणून झुबेदाकडून टेप धरून घेतलं. मानेपासून कमरेपर्यंत सोळा.

माप पोचल्याचं लगेच कळव, वाट बघते.
तुझी,
ठमाआत्या